एका लॉगिनवर सगळी कामं करायचीत? मग आधी एवढं लावून घ्या (खास सोलापूरकरांसाठी)

घरात जो जरा मोबाईल बरा चालवतो त्याच्या गळ्यात सगळ्यांची ऑनलाइन कामं पडतात, आमच्या घरी तो मी. आईची बिडी कारखान्याची पेन्शन, बहिणीची महाडीबीटीची स्कॉलरशिप, मोहोळच्या काकांचा फार्मर आयडी, रेशनची ई-केवायसी, प्रत्येकाला वेगळं लॉगिन वेगळा पासवर्ड, आणि ओटीपी जायचा तो भलत्याच नंबरवर. आता सरकार आणि कंपन्या दोघंही "एकच लॉगिन"कडे निघालेत, त्याला सिंगल साइन-ऑन म्हणतात. एका ठिकाणी तुम्ही कोण ते सिद्ध करायचं आणि बाकीच्या साइटनी त्या ठिकाणाचं ऐकून तुम्हाला आत घ्यायचं, पासवर्ड त्या साइटला कळतसुद्धा नाही.

सोय खरंच मोठी आहे. पण मूळ कच्चं असलं तर एका जागी अडकलात की सगळीकडेच अडकता, म्हणून क्रम पाळायचा. बहुतेक जण डिजीलॉकर (सरकारी कागद मोबाईलवर ठेवायचं सरकारी अॅप) डाउनलोड करून सुरुवात करतात, माझ्या मते ते चौथं काम आहे.

काय काय जवळ ठेवायचं

- आधार कार्ड, आणि त्याला जोडलेला मोबाईल चालू स्थितीत
- पॅन कार्ड
- दहावीचं मार्कशीट किंवा शाळा सोडल्याचा दाखला
- लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र
- स्वतःचा एक ईमेल, पासवर्ड स्वतःला माहीत असलेला
- एक साधी वही आणि पेन. हसू नका, हीच सगळ्यात जास्त कामाला येते

१. आधी मोबाईल नंबर सरळ करा

आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, म्हणजे यूआयडीएआयच्या, मायआधार साइटवर तुमच्या आधारला कुठला नंबर जोडलाय ते फुकट तपासता येतं. बऱ्याच जणांचं आधार २०११-१२ च्या सुमारास निघालेलं, तेव्हाचं सिम कधीच बंद पडलंय. बंद पडलेला नंबर कंपनी किमान ९० दिवस कुणाला देत नाही, पण त्यानंतर तो दुसऱ्याला जाऊ शकतो, म्हणजे तुमच्या आधारचा ओटीपी उद्या कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या फोनवर वाजणार.

नंबर बदलायला कसलंही कागदपत्र लागत नाही, आधार आणि तुम्ही स्वतः एवढं पुरतं. आधार केंद्रात जा, किंवा पोस्टमनकडूनही हे काम होतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून केंद्रावर या बदलाची फी ७५ रुपये आहे, पावती मागून घ्या, त्यावरचा नंबर जपून ठेवा. कुणी दोनशे-तीनशे मागितले तर आधारच्या हेल्पलाइनला, १९४७ वर, फोन करून सांगायचं.

एका नंबरवर घरातल्या चौघांचं आधार चालतं, नियमात बसतं. पण लॉगिनच्या बाबतीत हे करू नका. मुलगा पुण्याला नोकरीला आणि आईबाबांचे ओटीपी त्याच्या फोनवर, तो मीटिंगमध्ये आणि इकडे सेतूच्या रांगेत आई उभी, असं जुळे सोलापूरपासून पूर्व भागापर्यंत घरोघरी चाललंय. साधा बटणांचा फोन आणि आईच्या नावाचं सिम, बास झालं.

जाता जाता दूरसंचार खात्याच्या संचार साथी साइटवर तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही बघून घ्या. ओळखीची नसलेली दिसली तर तिथूनच कळवता येतं.

२. नावाचं स्पेलिंग, इथंच सोलापूरची खरी गंमत आहे

आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं एका गल्लीत. त्यामुळे एकच नाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिलेलं सापडतं. लक्ष्मी कुठे एक्स घालून, कुठे के-एस-एच-एम घालून. श्रीनिवास कुठे एस-एच ने सुरू, कुठे नुसत्या एस ने. साखर पेठ, कन्ना चौक भागातल्या पद्मशाली घरांत आडनाव आधी लिहायची पद्धत, दहावीच्या मार्कशीटवरही बोर्ड आडनाव आधीच छापतं, आधारवर मात्र स्वतःचं नाव आधी, आणि पॅनच्या फॉर्मात आडनावाचा रकाना वेगळाच. माणसाला हे कळतं की सगळी एकच व्यक्ती आहे, कॉम्प्युटरला कळत नाही.

पूर्वी हे चालून जायचं कारण समोर क्लार्क बसलेला असायचा, तो चेहरा बघून सही करायचा, फार तर प्रतिज्ञापत्र आणा म्हणायचा. एकच लॉगिनच्या जमान्यात डिजीलॉकर आधारवरचं नाव आणि जन्मतारीख घेऊन पॅन शोधायला जातं, जुळलं नाही की लाल अक्षरात नाही म्हणतं आणि विषय संपला.

तर असं करा. वहीच्या एका पानावर आधार, पॅन, बँक पासबुक, मार्कशीट, मतदान कार्ड या पाचही ठिकाणचं नाव जसंच्या तसं अक्षर न अक्षर उतरवा, खाली जन्मतारीख. मग ठरवा कुठलं बरोबर धरायचं. शिकलेल्या माणसाने मार्कशीटवरचं धरावं असं माझं मत, कारण ते बदलणं सगळ्यात अवघड. ज्यांची शाळाच झाली नाही त्यांनी आधार धरावं आणि बाकीचं त्याप्रमाणे करून घ्यावं.

सावध राहायची गोष्ट ही की आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. त्यामुळे केंद्रावर घाईत "असू दे की ओ, नंतर बघू" म्हणून चुकीचं स्पेलिंग मान्य करू नका. सबमिट करायच्या आधी स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगा, वाचा, वाचता येत नसेल तर वाचणारं कुणीतरी सोबत न्या. म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर बऱ्याचदा नुसतं जन्मवर्ष असतं किंवा १ जानेवारी टाकलेलं असतं, ते बदलायची एकच संधी आहे, नीट पुरावा हातात असेल तरच वापरा.

३. ईमेल, आणि त्याच्या मागची तटबंदी

खासगी जगात तुमचं मूळ म्हणजे ईमेल. बहुतेकांचं जीमेल असतं आणि ते फोन घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं असतं, पासवर्ड त्यालाही आठवत नाही. असं खातं असेल तर फोन चालू आहे तोवरच सेटिंगमध्ये जाऊन पासवर्ड बदला, रिकव्हरीला तुमचा नंबर टाका, आणि बॅकअप कोड काढा, फोन हातात नसताना खात्यात शिरायला ते लागतात. गूगल एका वेळी १० कोड देतं, ते वहीत लिहून वही कपाटात ठेवा. फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवण्यात काही अर्थ नाही.

दोन वर्षं हात न लावलेलं खातं गूगल पुसू शकतं, हा नियम २०२३ मध्ये आला. आजोबांचं जीमेल कुठल्या पेन्शनच्या खात्याला जोडलेलं असेल तर अधूनमधून उघडत जा.

४. आता डिजीलॉकर

२०१५ पासून आहे, सरकारी आहे, फुकट आहे. नंबर टाका, ओटीपी टाका, सहा आकडी पिन ठरवा, आधार जोडा. पिन म्हणजे १२३४५६ नको आणि जन्मतारीख तर अजिबात नको. मग पॅन, लायसन्स, गाडीचं आरसी, दहावी-बारावीचं मार्कशीट आत ओढून घ्या. संबंधित खात्याकडून थेट आलेला कागद कायद्याने मूळ कागदासारखाच धरला जातो, सात रस्त्यावर पोलिसाने अडवलं तर लायसन्स डिजीलॉकरमध्ये दाखवलं तरी चालतं. पण तुम्ही स्वतः फोटो काढून अपलोड केलेल्या कागदाला तो मान नाही, तो फक्त साठवलेला फोटो. हा फरक भल्याभल्यांना माहीत नसतो.

५. सरकारी कामांचा एक गट करा

२०२२ च्या जुलैत केंद्राने "मेरी पहचान" नावाची सिंगल साइन-ऑन सेवा आणली, त्यात डिजीलॉकर, ई-प्रमाण आणि जन परिचय ही तिन्ही सरकारी लॉगिन एकत्र केली. म्हणजे एखाद्या केंद्र सरकारच्या साइटवर मेरी पहचानचं बटण दिसलं की नवीन खातं उघडू नका, डिजीलॉकरनेच आत जा. तिथं एक पान येतं की ही साइट तुमची अमुक अमुक माहिती मागतेय, बहुतेक जण न वाचता खालचं हिरवं बटण दाबतात. वाचा. पॅन मागायचं काहीच कारण नसलेली साइट पॅन मागत असेल तर टिक काढा, काढता येत नसेल तर मागे फिरा.

राज्याच्या बऱ्याच साइटवर अजून वेगळं खातं लागतंय. आपले सरकारवर उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रीमीलेअर काढायचे तर तिथलं लॉगिन वेगळं. आणि इथला सगळ्यात मोठा खड्डा सांगतो. सेतूत किंवा झेरॉक्सच्या दुकानात गेलं की तिथला पोरगा झटपट खातं उघडून देतो, आणि त्यात मोबाईल आणि ईमेल स्वतःच्या दुकानाचा टाकतो. त्याचा हेतू वाईट असतोच असं नाही, त्याला दिवसाला पन्नास गिऱ्हाईकं करायची असतात. पण मग पुढच्या वर्षी दाखला काढायला, पासवर्ड बदलायला, स्कॉलरशिपची दुरुस्ती करायला तुम्हाला त्याच दुकानात जावं लागतं, आणि दुकान बंद झालेलं असलं तर बसा बोंबलत. आमच्या ओळखीच्या एका पोरीच्या फॉर्मची त्रुटी काय आहे ते तिला कळलंच नाही कारण मेसेज सगळे दुकानात जात होते. खातं उघडताना नंबर आणि ईमेल तुमचाच पाहिजे, युजरनेम-पासवर्ड वहीत लिहून घ्या, निघताना लॉगआउट करायला लावा आणि डाउनलोड फोल्डरमधली तुमची पीडीएफ डिलीट करायला सांगा.

त्या पीडीएफवरून आठवलं. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून लोक बिनधास्त व्हॉट्सअॅपवर पाठवतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. तुम्हाला ओळखणारा कुणीही तो सांगू शकतो. लॉजवर, भाड्याच्या खोलीसाठी वगैरे मास्क्ड आधार द्या, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

६. "गूगलने लॉगिन करा" कुठं चालेल, कुठं नको

जेवण मागवायचं अॅप, नोकरीची साइट, बातम्या, गेम, इथं गूगलने लॉगिन बिनधास्त करा, उलट तेच बरं, पन्नास ठिकाणी एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा कितीतरी बरं. बँक, शेअर, विमा इथं मात्र वेगळं लॉगिन ठेवा. सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात नको, सरकारी कामांचा जुडगा डिजीलॉकरचा, रोजच्या किरकोळ अॅपचा गूगलचा, आणि पैशाची किल्ली सुटी.

असं का म्हणतो? २०१८ च्या सप्टेंबरमध्ये फेसबुकमधून लॉगिनचे टोकन चोरीला गेले. आधी ५ कोटी खाती म्हणाले, मग आकडा ३ कोटींवर आला. टोकन म्हणजे "हा आत आलेला माणूस खरा आहे" अशी चिठ्ठी, ती ज्याच्या हातात त्याला पासवर्ड लागतच नाही. त्यामुळे फेसबुकने लॉगिन होणाऱ्या बाकीच्या साइटनाही तेव्हा घाम फुटला होता. मी स्वतः फेसबुकचं बटण कुठंच वापरत नाही.

सहा महिन्यांतून एकदा गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन कुठली कुठली अॅप जोडली आहेत ती यादी बघा. फोटो म्हातारा करून दाखवणारं अॅप एकदा गंमत म्हणून वापरलेलं असतं आणि ते अजून तिथं बसलेलं असतं.

७. पासकी लावा, पासवर्ड आता जाणार आहेत

पासकी म्हणजे साइटवर लॉगिन करताना पासवर्डऐवजी फोनचं स्वतःचं लॉक, म्हणजे बोट, चेहरा किंवा पिन. बोटाचा ठसा फोनबाहेर जात नाही, फोनमध्ये एक गुप्त किल्ली असते ती फक्त त्याच साइटला उत्तर देते. म्हणून नकली साइटवर तुम्ही फसलात तरी पासकी फसत नाही, हा खरा फायदा. गूगलने २०२३ मध्ये ती पहिला पर्याय केली, मायक्रोसॉफ्टने २०२५ पासून नवीन खाती बिनपासवर्डचीच करायला घेतली. अँड्रॉइड ९ किंवा पुढचा फोन असला की झालं.

फक्त एक लक्षात ठेवा, फोनमध्ये ज्याचं ज्याचं बोट नोंदलंय तो प्रत्येक जण तुमच्या पासकीने आत जाऊ शकतो. नवऱ्याचं, पोराचं, गेम खेळायला येणाऱ्या भाच्याचं, कुणाकुणाचं बोट आहे ते आधी बघा, मग पासकी लावा.

८. आई-आजीची बोटं उमटत नसतील तर

ज्यांनी वीस-तीस वर्षं बिड्या वळल्या किंवा लूमवर सूत हाताळलं त्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीनवर बोट ठेवलं की परत ठेवा, परत ठेवा. अशा वेळी वाद घालत बसू नका, चेहऱ्याने ओळख पटवायचा पर्याय मागा. त्यासाठी फोनवर आधार फेस आरडी अॅप लागतं. पेन्शनचा हयातीचा दाखला २०२१ पासून चेहऱ्याने निघतो, रेशनची ई-केवायसी मेरा ई-केवायसी अॅपवर तशीच होते. उजेडात बसवा, चष्मा काढा, पापण्या मिटायला सांगतं तेव्हा मिटायच्या. आमच्या आईचं घरात होईना, दारात बसवल्यावर लगेच झालं.

आधारचं बायोमेट्रिक लॉक, म्हणजे बोट-चेहऱ्याने ओळख पटवणं बंद करून ठेवणं, हाही चांगला प्रकार आहे. लॉक केलं की तुमच्या ठशाची नक्कल करून कुणी खात्यातून पैसे काढू शकत नाही. पण लॉक आहे हे विसरून रेशन दुकानात गेलात तर ना बोट चालणार ना चेहरा, आणि दोष दुकानदाराला. आधी अनलॉक करून जा. मायआधारवर मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठं कुठं वापरलं गेलं तेही दिसतं, महिन्यातून एकदा नजर टाका.

९. लिंक कुठल्याही असोत, आधी शेपूट बघा

२०२५ मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा हुबेहूब दिसणाऱ्या नकली साइट फिरत होत्या, मावशी-वहिनींच्या ग्रुपवर धडाधड फॉरवर्ड. बहुतेक सरकारी साइटचं नाव पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधी (सुरुवातीच्या जोडरेघा सोडून) जीओव्ही डॉट इनने संपतं. मध्ये कुठंतरी जीओव्ही आलंय म्हणून खरी समजू नका. आणि एकच लॉगिन झाल्यावर एका ओटीपीची किंमत वाढते, पूर्वी एका ओटीपीने एक खातं जायचं, आता पूर्ण गट जाईल. ओटीपी फोनवर कुणालाच नाही, साहेब म्हणाला तरी नाही. पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन.

१०. पुढं काय येतंय

युरोपात २०२४ मध्ये कायदा झाला, २०२६ संपेपर्यंत प्रत्येक देशाने नागरिकांना डिजिटल ओळखीचं वॉलेट द्यायचंय. त्यातली कल्पना मला फार आवडते, "मी १८ च्या वर आहे" एवढंच दाखवायचं, जन्मतारीख, पत्ता काहीच नाही. आपल्याकडच्या नवीन आधार अॅपमध्येही हवी तेवढीच माहिती दाखवायची सोय आली आहे. लॉजवाल्याने झेरॉक्स मागितली तर त्या अॅपमधला क्यूआर पुढे करायचा, तो नको म्हणेल, थोडी वर्षं नको म्हणतच राहील.

पैशाच्या व्यवहारांत रिझर्व्ह बँकेचे नवीन नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत, एसएमएस ओटीपी बंद केलेला नाही पण बँकांना दुसरे मार्ग वापरायला वाट मोकळी केली आहे. आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात एक बरं वाक्य आहे, परवानगी देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ते कलम प्रत्यक्ष लागू झालं की कुठलं अॅप खातं बंद करायला "ऑफिसला या" म्हणत असेल तर हे तोंडावर सांगता येईल.

११. फोन हरवला तर या क्रमाने

गड्डा यात्रेच्या गर्दीत फोन गेला असं समजा. पहिलं, दुसऱ्या फोनवरून कंपनीला सांगून सिम बंद. दुसरं, बँकेला फोन करून यूपीआय थांबवा. तिसरं, गूगल खात्यात जाऊन हरवलेल्या फोनचं लॉगिन काढून टाका, इथं ती वही आणि ते १० कोड लागतात. चौथं, पोलिसात तक्रार, तिची प्रत घेऊन संचार साथीवर फोन ब्लॉक. पाचवं, त्याच नंबरचं नवीन सिम. नवीन सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, हा नियमच आहे, त्यामुळे सिम खराब आहे म्हणून दुकानात परत भांडायला जाऊ नका. आणि त्याच दिवशी कुठल्या फॉर्मची शेवटची तारीख असेल तर ओटीपीची वाट बघू नका, पासवर्डने किंवा घरातल्या दुसऱ्या फोनवर आधी लावून ठेवलेल्या पासकीने जिथं आत जाता येतं तिथून काम उरका.